माणसं बसवण्याचं काम

आत्यांच्या तेराव्याला मी पंगतीत माणसं बसवत होते. खरं तर त्या दिवशी मी आत बसून राहायला हवं होतं. घरातलं माणूस गेलं की घरच्या बायकांनी एका जागी बसायचं आणि आलेल्यांनी त्यांच्याजवळ येऊन दोन शब्द बोलायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. पण मांडवात गोंधळ दिसला. म्हातारी माणसं उन्हाच्या कडेला बसली होती, तान्हं मूल घेतलेली एक बाई वाढप्यांच्या वाटेत सापडली होती, आणि पुण्याहून आलेले दोन पाहुणे कुठे सरकायचं ते न कळून उभेच होते. मी उठले. म्हाताऱ्यांना सावलीत घेतलं, त्या बाईला खांबाजवळची जागा दिली, पाहुण्यांना दोन बोलक्या माणसांच्या मध्ये बसवलं.

शेजारीण म्हणाली, "अवो, तुमी कशाला उठलाय? आज तरी बसा की."

त्यावर निरवांगीचे तात्या पत्रावळीवरची नजर न काढता म्हणाले, "करू दे तिला. माणसं बसवायची विद्या हाय तिच्याकडं. बारामतीला शिकलीया."

"माणसं बसवायची बी शाळा असती व्हय?"

"होती. जिना चढून वर जावं लागायचं," तात्या म्हणाले. "मी बी एक दिवस होतो तितं. नापास झालो."

आजूबाजूचे चार लोक हसले. आत्या असत्या तर सगळ्यात आधी त्याच हसल्या असत्या. मला त्या दिवशी, त्या मांडवात, अभिमान वाटला, आणि तो वाटल्याची लाज वाटली नाही. तेव्हापासून रोज थोडं थोडं लिहिते आहे. एखाद्या दिवशी दोनच ओळी होतात. घाई काही नाही.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात. माझे यजमान इंदापुरात शाळेत शिक्षक होते. लग्नाच्या चौथ्या वर्षी ते काविळीनं आठ दिवसांत गेले. सासरे त्यांच्याही आधी गेलेले. घरात आम्ही दोघीच उरलो, दोघींची कपाळं मोकळी. आत्यांना त्याची सवय झालेली होती. बारसं असो, साखरपुडा असो, त्या जायच्या, पण चपलांच्या शेजारी, दारापाशी बसायच्या. कोणी पुढे बोलावलंच तर म्हणायच्या, "मी हितंच बसते." इतक्या सहज म्हणायच्या की कोणी दुसऱ्यांदा बोलावत नसे. पुढे एका डोहाळजेवणात तेच वाक्य माझ्या तोंडून आलं आणि स्वतःचा आवाज ऐकून मी दचकले. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मराठी घेऊन बी.ए. झाले होते. बारामतीच्या एका वाचनालयात जागा निघाल्याचं कानावर आलं म्हणून एसटीनं निमगाव केतकीवरून तिकडे गेले. जागा आदल्याच आठवड्यात भरली गेली होती. तिथले ग्रंथपाल भले गृहस्थ होते. परत निघालेल्या मला त्यांनी थांबवलं आणि म्हणाले, "पुस्तकं जागेवर लावायचं काम नाही, पण माणसं जागेवर बसवायचं एक आहे. चालेल?" आणि त्यांनी मला जवळच्या कापडपेठेतल्या एका हॉटेलमालकांकडे पाठवलं.

त्या मालकांना सगळे आबा म्हणत. खाली त्यांचं जुनं हॉटेल होतं, चहा-भजी-मिसळीचं. तिथे सगळी पुरुषमंडळी. शेजारच्या कापडदुकानावरचा मजला त्यांनी नव्यानं घेतला होता आणि तिथे थाळी मिळणारा फॅमिली हॉल काढला होता. पंखे, सनमायकाची टेबलं, भिंतीला लाकडी पट्ट्या, सगळं होतं. फक्त फॅमिली येत नव्हती.

"बायका जिन्यापर्यंत येतात," आबा म्हणाले. "वर बघतात, वेटर उभा दिसतो, की फिरल्या मागं. मग गडी वर येऊन जेवून जातो आणि बायकोला भज्याची पुडी नेतो. ती स्टँडवर बसून खाते. मला वरच्या दारात एक बाई पाहिजे. शिकलेली, हळू बोलणारी."

"करायचं काय?"

"या म्हणायचं. किती जण ते विचारायचं. बसवायचं."

मग त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं, आणि पुढचं सगळं टेबलावरच्या मिठाच्या बाटलीकडे बघत बोलले. "आपल्याकडं बस्त्याचे लोक येतात. शुभकार्याला निघालेले असतात. एखादी टिकली लावलीत तर... तुमचं तुम्ही बघा. माझं काही म्हणणं नाही. पण दारात तुम्हाला बघून पार्टी उठून गेली तर मला ठेवता यायचं नाही. लगीनसराई संपेपर्यंत बघू."

बस्ता म्हणजे लग्नाच्या कापडाची खरेदी. नवरीच्या शालूपासून मानाच्या पातळांपर्यंत सगळं एका दिवसात घ्यायचं, आणि दोन्हीकडची तीस-चाळीस माणसं त्यासाठी गावाहून जीपनं, टेम्पोनं यायची. दुपारी सगळे एकत्र जेवायचे. आबांचा हॉल कापडदुकानावर होता तो याच हिशेबानं. म्हणजे ज्या लोकांसमोर मी कधी पुढे व्हायचं नव्हतं, नेमक्या त्यांनाच मी दारात उभं राहून या म्हणणार होते.

घरी मी आत्यांना सांगितलं की वाचनालयात काम लागलं. आत्यांनी ते मोठ्या कौतुकानं सगळ्या आळीला सांगितलं. "पुस्तकं हायती म्हणं हजारांनी. ही समदी लावती." मी मान खाली घालून ऐकत असे.

रोज सकाळी एसटीनं निमगाव केतकी सोडलं की मी पुस्तक उघडायची. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला टिकली चिकटवलेली असायची. ती काढून कपाळाला लावायची. पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायची म्हणजे रिकामा गळा झाकला जाई. संध्याकाळी परत येताना त्याच गावाशी टिकली पुन्हा पुठ्ठ्याला. आत्यांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे पुस्तकाइतकी सुरक्षित जागा घरात दुसरी नव्हती.

दारात उभं राहण्याच्या त्या कामाला तेव्हा बारामतीत नाव नव्हतं. वेटर मला "दारातल्या म्याडम" म्हणत. त्यांच्यातला सगळ्यात जुना, फटकळ माणूस, पहिल्या आठवड्यात म्हणाला, "आमी दिवसभर पळायचं आन् तुमी नुसतं या म्हणायचं. म्होरच्या जन्मी मला बी बाईच व्हायचंय."

मी म्हटलं, "आधी या जन्मी हळू बोलायला शिका."

तो स्वयंपाकघरात जाऊन ते सगळ्यांना सांगून आला, आणि त्या दिवसापासून माझा झाला.

नुसतं या म्हणणं पुरत नाही हे मला लवकर कळलं. जिन्याच्या वळणावर बाई थांबली तर वरून हाक मारायची नाही. दोन पायऱ्या खाली उतरायचं. नव्या सुनेला सासऱ्याच्या समोरची खुर्ची द्यायची नाही, तिला घास उतरत नाही. थोरल्या बायकांची पाठ हॉलकडे आणि तोंड भिंतीकडे ठेवलं तर त्या पोटभर जेवतात. कोणी दाराबाहेर चपला काढल्या तर असू द्या म्हणायचं नाही. त्यांनी काढल्या, आपण नीट लावून ठेवायच्या. मेनूकार्ड बाईच्या हातात दिलं की ती न उघडता नवऱ्याकडे सरकवायची. मग मी खुर्चीशेजारी उभी राहून हळू आवाजात तिलाच वाचून दाखवू लागले. वाचलेलं ऐकलं की तिला काहीतरी हवंसं वाटायचं. एकदा एक बाई सगळं ऐकून म्हणाली, "येवढं असतं व्हय? आमच्या ह्यांनी मला बटाट्याच्या भाजीच्या म्होरं कधी सांगितलंच न्हाय."

दोन महिन्यांत हॉल दुपारचा भरू लागला. बस्त्याच्या सहा-सात पार्ट्या झाल्या आणि माझ्याकडे कोणी वाकडं बघितलं नाही. मी टिकली लावलेली बाई होते, बस. हळूहळू मला त्याची सवय झाली, आणि सवय फार झाली की माणूस चुकतो.

त्या दिवशी सकाळी आबा म्हणाले, "आज निरवांगीची पार्टी. मुलगी आपल्या बारामतीकडची. दोन्हीकडचे मिळून एक्केचाळीस."

निरवांगी म्हटल्यावर मी पदर दोन्ही खांद्यांवर पुन्हा सारखा केला. निरवांगी आमच्याच तालुक्यातलं. तिथल्या माणसाची कामं इंदापुरात तहसीलला, बाजाराला. कोणीतरी ओळखणारच. पण दीड वाजता जिन्यावर पावलं वाजली तेव्हा मी दारात होते. दुसरीकडे कुठे जाणार?

बस्त्याच्या जेवणात वरमायची खुर्ची चुकली तर जेवण चुकलं, हे मला एव्हाना पक्कं ठाऊक होतं. वरमाय म्हणजे नवऱ्या मुलाची आई. तिला आधी बसवायचं, पंख्याखाली, मग बाकीच्यांना. सगळ्यांच्या पुढे एक बाई होत्या, नवं इरकल नेसलेल्या, हातभर हिरव्या बांगड्या. मी पुढे झाले. "या, तुम्ही इथं बसा. नवरदेवाच्या आई ना?"

मागून कोणीतरी खुदकन हसलं. त्या बाई ओशाळल्या. "आई न्हवं, चुलती. पण वरमाय मीच हाय."

मला क्षणभर कळेना. तेव्हा नवरीच्या आईनं माझ्या कानाशी सांगितलं, "आई खाली हाय. दुकानातल्या बाकावर. त्यांचं मालक न्हाईत न्हवं."

ज्या मुलाचे वडील नाहीत त्याच्या लग्नात चुलता-चुलती पुढे होतात. हळद, देवक, अक्षता, सगळं त्यांच्या हातून. आई दळणकांडण करते, रांधते, रुखवत बघते आणि वेळेला मागे सरते. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? विधवेच्या घरातली विधवा मी. पण दोन महिने टिकली लावून उभी राहिल्यानं मी कोण हे माझं मलाच विसरायला झालं होतं.

नवरदेवाचा चुलता मागून पुढे आला. तेच हे निरवांगीचे तात्या, तेव्हा पंचेचाळिशीतले, कडक इस्तरीचा शर्ट, आवाजात हुकूम. म्हणाले, "वहिनीचं ताट खालीच पाठवा. त्यास्नी तितंच बरं वाटतं. त्याच म्हणल्या, मी हितंच बसते."

मी बाकीच्यांना बसवलं. दोन्ही व्याही समोरासमोर, तरुण पोरं खिडकीकडे, बायका मधल्या रांगेत. चाळीस माणसं बसली आणि एक खुर्ची राहिली. मी तिच्याकडे बघत उभी होते. आबांची एकच ताकीद होती, दार कधी रिकामं सोडायचं नाही. मी दार सोडलं आणि जिना उतरले.

खाली दुकानातल्या बाकावर ती बसली होती. दोन्ही बाजूंना कापडाची गठुडी. पन्नाशीची असेल. पायांत जुन्या वहाणा, पदर डोक्यावरून.

"मावशी, वर चला. सगळे जेवायला बसलेत."

"तुमी कोण?"

"मी वरची. माणसं बसवते."

"मग वरच्यांस्नी बसवा. मी हितंच बसते. ही गठुडी हायती."

"गठुडी दुकानदार बघतील."

ती माझ्याकडे बघू लागली. "पोरी, मला वर आण म्हणून तुला कुणी सांगितलंय का?"

मला खोटं बोलता आलं असतं. तुमच्या मुलानं बोलावलंय म्हणाले असते तर ती लगेच उठली असती. मी म्हटलं, "नाही. कोणी नाही सांगितलं. आलेल्या माणसाला बसवायचं हे माझं काम. तुम्ही आलाय."

जिना उतरताना माझा पदर एका खांद्यावरून घसरला होता. तिनं माझी टिकली बघितली, मग गळा बघितला. बाईला ते दिसतंच.

"किती वर्सं झाली?" तिनं हळूच विचारलं.

"दोन."

"मला सोळा." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "चल. भूक तर लागलीच हाय. सकाळपास्नं नुसत्या च्यावर हाय मी."

जिन्यात मी तिचा हात धरला. की तिनं माझा धरला, आता सांगता येणार नाही.

आम्ही दारात आलो आणि हॉलमधलं बोलणं थांबलं. तात्या खुर्चीवरून उठले. "वहिनी, कशाला आला वर? आज शुभ दिवस..." मग माझ्याकडे वळले. "आन् बाई, तुमाला कुणी सांगितलं हो?" बोलता बोलता त्यांनी डोळे बारीक केले. "थांबा. तुमी इंदापूरच्या मास्तरांच्या घरच्या न्हव? काविळीनं गेलं ते?"

स्वयंपाकघराच्या दारात जुना वेटर पुऱ्यांची परात घेऊन थांबला होता. त्याच्यामागे आबा दिसले. नाही, मी ती नव्हे, असं एक वाक्य पुरलं असतं. पण मी मघाशीच खाली एका बाईला खरं सांगून आले होते, आणि तिचा हात अजून माझ्या हातात होता.

"व्हय," मी म्हटलं. आत्या म्हणतात तसं आलं ते तोंडातून. "त्यांचीच बायको मी. आणि आत्ता तुम्हा चाळीस जणांना मीच बसवलं."

"मग कपाळाला हे..."

"टिकली हाय," नवरदेवाची आई म्हणाली. "डोळं गेलं व्हय भावजी तुमचं? हिनं बसवलेलं तुमास्नी चाललं. कुणाची खुर्ची मोडली न्हाय. आता मी बसते. मोडली तर माझी मोडंल."

नवरीकडची एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. नवरीची आई उठली आणि म्हणाली, "विहीणबाई, या, माझ्यापाशी या. मी मघापास्नं जिन्याकडंच बघतीया." आणि ती हिरव्या बांगड्यांची चुलती पंख्याखालच्या खुर्चीवरून उठली. "हितं बसा बाई तुमी. मला तर वारं सोसतच न्हाय." वैशाखातली दुपार होती. तिचं पोलकं घामानं भिजलेलं होतं. नवरदेव उठून आला, आईसाठी ती खुर्ची मागे ओढली, आणि ती बसेपर्यंत खुर्चीमागे उभा राहिला.

तात्या अजून उभेच होते. ते बाहेर पडले असते तर त्यांच्यामागे निरवांगीचा वीस माणूस उठला असता, आणि माझी लगीनसराई तिथेच संपली असती. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

तेवढ्यात जुना वेटर परात घेऊन सरळ त्यांच्यापुढे आला. "तात्या, बसताय का? मानपान थांबतो, फुगलेली पुरी थांबत न्हाय."

पहिल्यांदा त्यांचा व्याहीच हसला. मग सगळा हॉल. तात्यांनी इकडे तिकडे बघितलं, परातीकडे बघितलं आणि बसले.

आबा आले. पाण्याचा जग त्यांनी वेटरच्या हातातून घेतला आणि नवरदेवाच्या आईचा ग्लास स्वतः भरला. ती पाठ भिंतीला लावून, तोंड हॉलकडे करून बसली होती. मी तिला तशी बसवली नव्हती, तिनंच खुर्ची फिरवून घेतली. तिनं दोनदा श्रीखंड मागून घेतलं. मी दारात माझ्या जागी जाऊन उभी राहिले.

जाताना तात्या बडीशेप घ्यायला थांबले. "तुमच्या सासूला हे ठावं हाय का?"

"नाही."

"मी सांगू का नगं?"

"सांगा," मी म्हटलं. "फक्त आजचा दिवस थांबा. आधी मला सांगू द्या."

त्यांनी मान डोलावली. इतक्या सरळपणे डोलावली की त्यांच्यावरचा माझा निम्मा राग तिथेच गेला.

हॉल रिकामा झाल्यावर आबा माझ्याजवळ आले. मी वाट बघत होते.

"दार रिकामं सोडून गेलात."

"हो."

"पुन्हा कधी खाली जावं लागलं तर मला हाक मारा," ते म्हणाले. "मी थांबत जाईन दारात."

"आणि लगीनसराईचं?"

"कसलं?" आबा म्हणाले, आणि टेबलावरच्या मिठाच्या बाटल्या एका ओळीत लावत पुढे गेले. त्या दारात मी पुढे अकरा वर्षं उभी राहिले.

त्या संध्याकाळी निमगाव केतकी आलं, गेलं. पुस्तक पिशवीतच राहिलं. इंदापूरच्या स्टँडवरून घरापर्यंत मी टिकली तशीच ठेवून चालत गेले. दोन-तीन ओळखीच्या बायकांनी बघितलं. मी त्यांना नेहमीसारखं बरं आहे का विचारलं.

आत्या उंबऱ्याशी सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं, पुन्हा सुपात बघितलं आणि म्हणाल्या, "आज पुस्तकाला चिकटवायची राहिली व्हय?"

मी पिशवीसकट पायरीवर बसले. "तुम्हाला माहीत होतं?"

"वाचता येत न्हाय मला. पान उलटता येतं." त्यांनी एक खडा काढून अंगणात टाकला. "आन् लायबरीत पुस्तकांस्नी फोडणी देत्यात, हे बी तुज्याच पदरावनं कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबले. आळीत मीच सांगून बसले होते न्हवं, पुस्तकं लावती म्हणून. माझी बी पंचाईतच."

मग मी सगळं सांगितलं. चुलतीला नवरदेवाची आई समजले ते, रिकामी खुर्ची, बाकावरची ती बाई. "मी हितंच बसते, असं म्हणाल्या त्या," मी म्हटलं, तेव्हा आत्यांचा हात सुपात थांबला.

"उठली का मग?"

"उठली."

"जेवली?"

"दोनदा श्रीखंड घेतलं."

तांदूळ निवडून झाले होते तरी आत्या त्यातच बोटं फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कवा न्हेतीस?"

पुढच्याच आठवड्यात नेलं. आत्यांनी उभ्या आयुष्यात हॉटेलात बसून काही खाल्लं नव्हतं. ठेवणीतलं बारीक काठाचं पातळ नेसल्या, केसांना तेल लावलं. कापडदुकानापाशी आम्ही पोचलो. त्यांनी आधी जिना बघितला, मग शेजारचा बाक बघितला. जुन्या सवयीनं पाय तिकडे वळले. "मी हि..." एवढंच तोंडातून आलं. त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि पातळाच्या निऱ्या उचलून जिना चढू लागल्या.

मी त्यांना मागे टाकून भराभर वर गेले. त्या यायच्या आत मला दारात उभं राहायचं होतं. आत्या वर आल्या. धाप लागली होती. त्यांनी दाराबाहेर वहाणा काढल्या, मी त्या नीट लावून ठेवल्या.

"या," मी म्हटलं. सगळ्यांना म्हणते तसं. "किती जण?"

आत्यांनी हॉलभर नजर फिरवली. पंखे बघितले, सनमायका बघितला, गल्ल्यापाशी उभे राहिलेले आबा बघितले.

"दोघी," त्या म्हणाल्या.

जुना वेटर म्हणाला, "दुसरं कोण, आत्याबाई? मागनं येत्यात का?"

"ही काय, दारातली. हिला बसवतं का न्हाय हितं कोण?"

मी आबांकडे बघितलं. आबा गल्ल्याच्या मागून बाहेर आले, टोपी सारखी केली आणि दारात माझ्या जागेवर उभे राहिले. "सरका बाई," मला म्हणाले. मग आत्यांपुढे थोडे झुकले. "या. बसा दोघी. पंख्याखाली."

आम्ही बसलो. आत्यांनी पाठ भिंतीला केली, तोंड हॉलकडे. वेटरनं मेनूकार्ड आणून त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी ते उघडलं, दोन्ही पानांवरून तळवा फिरवला आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.

"वाच," म्हणाल्या. "समदं वाच. मला घाई न्हाय."

मी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.